जनरेटरची ट्रॉली ओढायला सीएनजी घेऊ की डिझेल?

प्रश्न: नमस्कार. भांडुपला आमचं मंडप डेकोरेशनचं काम आहे. ट्रॉलीवर बसवलेला ६२.५ केव्हीएचा जनरेटर आहे, सगळं मिळून दीड टनाच्या वर जातं. आता नवीन पिकअप घ्यायचीय. धाकटा भाऊ म्हणतो सीएनजी घे, रोजचा खर्च वाचेल. माझा ओढा डिझेलकडे. लगीनसराईत कर्जत-लोणावळा असतं, एरवी मुलुंड ते दादर. काय करू?
— एक वाचक, भांडुप

उत्तर: दादा, लोणावळा म्हणालात तिथेच विषय संपला, डिझेल घ्या. घाट नसता आणि ट्रॉली हलकी असती तर मी तुमच्या भावाच्याच बाजूने बोललो असतो, मुंबईतल्या रोजच्या फेऱ्यांना सीएनजी परवडतं यात वादच नाही. पण बोरघाटात मागे दीड टन लटकलेलं असताना पुढचा कंटेनर थांबला आणि भर चढावर तुम्हाला परत गाडी उचलायची वेळ आली की तिथे टॉर्क, म्हणजे चाकं फिरवायचा जोर लागतो, तोही कमी आरपीएमला, म्हणजे इंजिन हळू फिरत असताना, आणि टर्बो डिझेलचं बळ नेमकं तिथेच असतं. सीएनजीत गॅस इंजिनातल्या हवेची जागा खातो, त्यामुळे तेच इंजिन पेट्रोलवर देतं त्याच्यापेक्षा साधारण दहा टक्के कमी ताकद देतं. मग ड्रायव्हर रेस वाढवतो, अर्ध्या क्लचवर गाडी खेचतो आणि केबिनमध्ये क्लच प्लेट जळल्याचा वास येतो. पंपावर वाचलेला पैसा असा गॅरेजमध्ये जातो.

बरं, पंपाचंही बघा. ट्रॉलीसकट सीएनजीच्या रांगेत शिरलात आणि थोडं मागे घ्यायची वेळ आली तर ट्रॉली लगेच आडवी होते, म्हणजे दरवेळी ट्रॉली सोडून गॅस भरायला जायचं.

डिझेलला एक सांभाळावं लागतं. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस ६ (धुराच्या प्रदूषणाचे कडक निकष) डिझेल गाड्यांत बहुतेक ठिकाणी डीपीएफ असतो, धुरातली काजळी अडवणारा फिल्टर. नुसतं एलबीएस रोडच्या ट्रॅफिकमध्ये रांगत राहिलात तर तो पुरेसा तापत नाही, काजळी जळत नाही आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. दिवा लागला की मॅन्युअलमध्ये सांगितलंय तसं हायवेला सलग एका स्पीडने चालवून आणा, तरी नाही गेला तर सरळ सर्व्हिस सेंटर.

पण दादा, इंधनाच्या आधी एक गोष्ट बघा आणि ही कळकळीने सांगतोय. पिकअपचा पेलोड हा हौद्यात ठेवायच्या मालाचा असतो, हुकाला लावून ओढायचं वजन वेगळं, आणि बऱ्याच छोट्या पिकअपना कंपनीने ओढायला परवानगीच दिलेली नसते. ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक आहेत का तेही तपासा, कारण चढताना ताकद कमी पडली तर गाडी फक्त थांबते, उतरताना ब्रेक कमी पडले तर जनरेटर तुम्हाला ढकलत खाली नेतो. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे ट्रॉलीचं वेगळं रजिस्ट्रेशन लागतं, तेही करून घ्या.

डीलरकडून ओढायच्या वजनाचा आकडा लेखी मागा. देत नसेल तर ती गाडी सोडा, डिझेल असली तरी.