नेमबाजी प्रश्नोत्तरे : छर्ऱ्यांचा लॉट, पांढरी भुकटी आणि डायव्हिंगच्या टाकीतली हवा

प्रश्न (रत्नागिरी) : परदेशातले रायफल नेमबाज काडतुसाची मान (गोळी धरून ठेवणारा तोंडाकडचा भाग) तासून तिची जाडी सगळीकडे सारखी करतात. मी १० मीटर एअर रायफल खेळतो. तिच्या छर्ऱ्यांवर, म्हणजे शिशाच्या बारीक गोळ्यांवर, असं काही करता येतं का? वजन करून निवडले तर गुण वाढतील का?

उत्तर : पितळी कवचाच्या मानेची भिंत एका बाजूला जाड असली की गोळी नळीच्या अक्षाला किंचित तिरकी बसते आणि मानेची तिच्यावरची पकडही सगळीकडून सारखी राहत नाही. मान तासतात ती यासाठी. याचा फायदा मुख्यतः चेंबर (काडतूस बसतं ती जागा) मुद्दाम घट्ट ठेवलेल्या बेंचरेस्ट, म्हणजे टेबलावर टेकवून मारायच्या, रायफलींना होतो. कारखान्याच्या सैल चेंबरमध्ये फरक क्वचितच दिसतो. आपल्याकडे ५० मीटरला वापरतात ते .२२ काडतूस रिमफायर असतं, म्हणजे ठिणगीचा मसाला त्याच्या बुडाच्या कडेतच असतो, ते पुन्हा भरताच येत नाही. शिवाय परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणं शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार गुन्हा आहे. तेव्हा तो विषय सोडा.

छर्ऱ्यात महत्त्वाचं काय, तर डोक्याचा व्यास आणि मागचा पातळ घेर. मॅचचे छर्रे ४.४९, ४.५०, ४.५१ मिमी अशा मापांत मिळतात. तुमच्या नळीला कोणतं माप मानवतं हे ती नळीच सांगेल. रायफल शिकंज्यात पक्की बसवा, पण शिकंज्याचा दाब नळीवर येऊ देऊ नका. माप किंवा लॉट (कारखान्यात एकत्र बनलेली खेप) बदलला की आधी ८-१० छर्रे मोजदाद न करता झाडा, मग प्रत्येकी १० छर्ऱ्यांचे निदान तीन गट घ्या; गट म्हणजे एकाच नेमावर झाडलेल्या छर्ऱ्यांच्या भोकांचा पुंजका. एकच सुंदर गट पाहून डबे विकत घेऊ नका. योगायोगानेही तसा गट पडतो.

गट मोजताना भोकांच्या बाहेरच्या कडांमधलं सर्वांत जास्त अंतर घ्या. त्यातून छर्ऱ्याच्या व्यासाचे ४.५ मिमी वजा केले की केंद्रांमधलं अंतर मिळतं. लक्ष्यावर गुणाचा प्रत्येक दशांश ०.२५ मिमीचा असतो आणि १०.५ साठी छर्ऱ्याचं केंद्र लक्ष्याच्या केंद्रापासून १.२५ मिमीच्या आत लागतं. म्हणजे बाहेरच्या कडांसह ७ मिमी व्यासाच्या वर्तुळात मावणारा गट मधोमध बसला तर प्रत्येक छर्रा १०.५ किंवा वर. त्याहून मोठा गट देणारा लॉट स्पर्धेसाठी नको, सरावाला वापरा.

वजनाचं गणित करून पाहा. ०.५३ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला साधारण १७० मीटर वेगाने जातो आणि १० मीटरमध्ये सुमारे १७ मिमी खाली येतो. वजनात ५ मिलिग्रॅमचा, म्हणजे जवळजवळ एक टक्क्याचा फरक पडला तरी लक्ष्यावर तो ०.२ मिमीच्या आतच राहतो, एक दशांशही नाही. चांगल्या डब्यात एवढा फरकही सहसा नसतो. तो वेळ घेर तपासण्यात घालवा. चेपलेला, खाच पडलेला छर्रा बाजूला काढा. जमिनीवर पडलेला तर डब्यात परत टाकूच नका. घेर एका बाजूने दबला की छर्रा नळीतून बाहेर पडताना हवा एकीकडून आधी निसटते आणि तो भरकटतो. वजनाच्या फरकापेक्षा हे कितीतरी महाग पडतं.

प्रश्न (अलिबाग) : पावसाळ्यात छर्ऱ्यांवर पांढरी भुकटी धरते. तेल चोळून ठेवावेत का?

उत्तर : नको, खोबरेल तर मुळीच नको. ते चिकट होऊन नळीत बसतं आणि गट फुटतो. ती भुकटी शिशाच्या क्षाराची असते आणि विषारी असते. फुंकू नका, हात लावलात तर साबणाने धुवा, असे छर्रे स्पर्धेत वापरू नका. डबे लाकडी कपाटात किंवा पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवू नयेत. त्यांतून निघणारी आम्ल वाफ दमट हवेत शिशाला खाते. हवाबंद प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि पुड्या ओलावल्या की बदला. रायफलही फोमच्या बंद पेटीत पडू देऊ नका. खाऱ्या हवेत फोम ओल धरून ठेवतो आणि गंज नेमका फोम टेकतो तिथे चढतो.

प्रश्न (मालवण) : डायव्हिंगवाल्यांच्या टाकीतून एअर रायफलचा दाबाच्या हवेचा सिलिंडर भरला तर चालेल?

उत्तर : साधी, कोरडी, गाळलेली हवा असेल तर चालेल. नायट्रॉक्स (जादा ऑक्सिजन मिसळलेली हवा) किंवा ऑक्सिजन कधीच नाही, आणि जोडणीला तेल-ग्रीस लावायचं नाही. जास्त दाबाखाली ते पेट घेऊ शकतं. टाकी समुद्रातून आलेली असते, म्हणून जोडण्याआधी तिचा व्हॉल्व्ह क्षणभर उघडून खाऱ्या पाण्याचे थेंब उडवून द्या. ते आत गेले तर रायफलचा रेग्युलेटर (हवेचा दाब सारखा ठेवणारा भाग) खराब होतो. व्हॉल्व्ह अगदी सावकाश उघडा. घाईने भरलं तर सिलिंडर तापतो आणि थंड झाल्यावर दाब उतरलेला दिसतो. सिलिंडरवर छापलेल्या दाबाच्या, बहुतेकदा २०० बारच्या, वर जाऊ नका. सोडवण्याआधी टाकी आणि सिलिंडर जोडणाऱ्या नळीतला दाब काढा. सिलिंडरवरची उत्पादनाची तारीखही बघा : दहा वर्षं उलटलेला सिलिंडर स्पर्धेतल्या तपासणीत अडतो, आणि घरीही तो भरू नये.