पहिल्यांदाच गाडीने कोकण किनारा करताय? मग एवढं सांभाळा

अलिबाग ते रत्नागिरी चार दिवसांत करायचा बेत छान आहे. पण मुंबई-गोवा महामार्गाने जाऊ नका, त्यावरून समुद्र दिसत नाही. किनाऱ्याच्या रस्त्यानेच जा.

या रस्त्याचा कणा म्हणजे खाड्यांवरच्या फेरीबोटी. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड. गाडीसकट पलीकडे जाता येतं आणि लांबचा वळसा वाचतो. निघण्याआधी प्रत्येक फेरीची शेवटची वेळ फोन करून विचारा. तुमचा दिवस त्यावर बेतायचा आहे.

नवखे लोक नेहमी चुकतात ते इथे:

- नकाशातले किलोमीटर बघून दिवस आखतात. रस्ता अरुंद, वळणाचा, गावागावांतून जाणारा. दिवसाला शंभर-सव्वाशे किलोमीटर पुरे.
- गाडी वाळूत घालतात. भरती आली की ट्रॅक्टर शोधत फिरावं लागतं. गाडी वरच ठेवा, पायी उतरा.
- अंधारात घाट उतरतात. मुक्कामी उजेडातच पोचा.

दिवेआगर ते श्रीवर्धन हा टप्पा मात्र अजिबात घाईत काढू नका. आरावी, कोंडविलच्या बाजूला रस्ता अगदी समुद्राला लागून जातो, थांबावंसं वाटतंच. दुपारनंतर हर्णैला पोचलात तर बंदरावरचा मासळीचा लिलाव बघा. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा तो मिळणार नाही.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. रोख पैसे जवळ ठेवा, घरगुती खानावळीत जेवण आधी सांगून ठेवा. गोव्यापर्यंतचं पुढच्या खेपेला बघू.