ऑक्सिजन ॲब्सॉर्बरची पुडी टाकूनही चिवडा खवट का झाला?

तुम्ही विचारलंय की परदेशी असलेल्या मुलीला पाठवलेल्या चिवड्यात ऑक्सिजन ॲब्सॉर्बरच्या पुड्या टाकल्या होत्या, तरी महिन्याभरात त्याला खवट वास आला, मग ही पुडी करते तरी काय? मी दर दिवाळीला फराळ करून बाहेरगावी आणि परदेशी पाठवते. माझ्याकडूनही हे झालेलं आहे, म्हणून सांगते: पुडीपेक्षा तुमची पिशवी चुकली असण्याची शक्यता जास्त आहे.

पुडीत असते लोखंडाची बारीक पूड, थोडं मीठ आणि ओल धरून ठेवणारं काहीतरी, बऱ्याचदा कोळशाची भुकटी. लोखंडाला हवा आणि ओल मिळाली की ते गंजतं, आणि गंजताना हवेतला ऑक्सिजन स्वतःत बांधून घेतं. पावसाळ्यात विळीच्या पात्यावर होतं तेच. मिठाने गंज लवकर चढतो, समुद्राकाठच्या घरांचे खिडक्यांचे गज आठवा. जपानच्या मित्सुबिशी गॅस केमिकल कंपनीने १९७७ साली ‘एजलेस’ नावाने अशा पुड्या बाजारात आणल्या.

मी एकदा दोन पुड्या कात्रीने कापून शेजारी शेजारी ठेवल्या. नवीतली पूड काळसर, भुरभुरीत, लोहचुंबकाला झटकन चिकटणारी. वापरलेलीत तपकिरी गोळे झालेले. सगळा गंज!

चिवडा खवट होतो तो शेंगदाण्यातल्या आणि तळणीच्या तेलाचा ऑक्सिजनशी संयोग होऊन. हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के. पुडी नीट चालली तर तो ०.१ टक्क्याच्याही खाली जातो. नायट्रोजन तसाच राहतो, म्हणून व्हॅक्यूमसारखा पोह्यांचा चुरा होत नाही.

आता पिशवी. साधी पॉलिथिनची पिशवी पाणी अडवते, पण ऑक्सिजन तिच्यातून हळूहळू आत येतच राहतो. पुडी खाते, नवा आत येतो, आणि एक दिवस सगळं लोखंड गंजून पुडी संपते. मी पहिल्या वर्षी नेमकं हेच केलं होतं, पुड्या भारीतल्या आणि पिशव्या किराणा दुकानातल्या. आतून ॲल्युमिनियम फॉइलचा थर असलेली जाड पिशवी घ्या आणि सीलिंग मशीनने बंद करा. सील करण्याआधी तोंडाची आतली बाजू कोरड्या फडक्याने पुसा. तिथे तेल लागलं किंवा एखादा पोहा अडकला तरी हवा जायला वाट राहते, आणि ती डोळ्यांना दिसत नाही.

पुडीवर १००, ३०० असे आकडे असतात, ते ती किती सीसी ऑक्सिजन घेईल याचे. पिशवीत एक लिटर हवा उरत असेल तर त्यात साधारण २१० सीसी ऑक्सिजन, म्हणजे ३०० ची पुडी हवी. फराळ कोरडा असतो, म्हणून स्वतःची ओल असलेली पुडी मागा. काही पुड्या पदार्थातल्या ओलीवरच चालतात, त्या चिवड्यात नुसत्या पडून राहतील. सिलिका जेल ही वेगळी वस्तू, ती ओल शोषते. दोन्ही एकत्र टाकू नका, पुडीला लागणारी ओलच ती ओढून घेते. आणि पुड्यांचं मोठं पाकीट फोडलं की काम सुरू झालंच, हातात धरलं तर थोड्या वेळात कोमटही लागतं. आधी सगळ्या पिशव्या भरून ठेवा, मग पाकीट फोडा. उरलेल्या पुड्या लगेच सील करा.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. ओल्या नारळाच्या करंज्या, पुरणपोळी, ओली चटणी यांत पुडी टाकून ते बाहेर ठेवू नका. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचे जंतू ऑक्सिजन नसतानाच वाढतात, त्यांना ओल लागते, आणि त्यांचं विष जिवावर बेतू शकतं. पदार्थाला वासही येत नाही, म्हणून कळतही नाही. चिवडा, शेव, चकली, शंकरपाळे यांच्यापुरतीच पुडी ठेवा.

पिशवी सील केल्यावर लगेच कुरिअरला देऊ नका. एक-दोन दिवस घरीच ठेवा. ऑक्सिजन गेला की पिशवीतली हवा पाचव्या हिश्श्याने कमी होते, त्यामुळे ती थोडी आत बसलेली दिसली पाहिजे. जी आधीसारखीच टम्म राहील ती फोडा, नवी पुडी टाका आणि पुन्हा सील करा.