पॅसिफिकमधल्या निर्मनुष्य प्रवाळबेटावर नारळाच्या झाडांशिवाय दुसरं काय जगतं?

तुमच्या प्रश्नातच एक गंमत आहे, तुम्ही नारळ धरूनच चाललाय. मीही तसाच होतो, आमची श्रीवर्धनकडे छोटी नारळाची वाडी आहे, त्यामुळे बेट म्हटलं की माड हे डोक्यात फिट्ट. मी स्वतः तिकडे गेलेलो नाही हं, पण गेली दोन-तीन वर्षं पाल्मायरा नावाच्या एका बेटाबद्दल मिळेल ते वाचतोय, सुरुवात झाली उंदरांमुळे. आमच्याकडे उंदीर माडावर चढून कोवळी फळं कुरतडतात, त्यावर उपाय शोधता शोधता तिथे पोचलो.

पाल्मायरा हवाईच्या दक्षिणेला साधारण 1600 किलोमीटरवर. पंचवीसेक बारकी बेटं, सगळी मिळून जमीन जेमतेम अडीच चौरस किलोमीटर, आणि समुद्रापासून उंची म्हणाल तर दोनेक मीटर. पाऊस मात्र वर्षाला चार मीटरच्या वर, म्हणजे आपल्या कोकणातल्या बहुतेक गावांपेक्षा जास्त. मूळचा सस्तन प्राणी जमिनीवर एकही नाही. राज्य पक्ष्यांचं आणि खेकड्यांचं.

तिथलं खरं झाड म्हणजे पिसोनिया. आपल्याकडे बागेत पोपटी पानांचं लेट्यूस ट्री लावतात ना, त्याचंच भावंड, पण तिथे वाढून मोठ्ठं जंगल होतं. याच्या बिया डिंकासारख्या चिकट, पक्ष्याच्या पिसांना चिकटून दुसऱ्या बेटावर जातात. कधी कधी इतक्या चिकटतात की पक्ष्याला उडताच येत नाही आणि तो झाडाखालीच मरतो. याच झाडांवर लाल पायांचे बूबी नावाचे समुद्रपक्षी हजारोंनी घरटी करतात.

आता माड. तिथे माडांच्या बागा माणसांनी लावल्या, खोबऱ्यासाठी. मग दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन नौदल आलं, खाडी खणली, धावपट्टी केली आणि जहाजांतून उंदीर उतरले. माड वाऱ्यावर झुलतो, त्याला फांद्या नाहीत, त्यामुळे बूबीला घरटं करायला तो नकोच असतो. पक्षी नाहीत म्हणजे विष्ठा नाही, विष्ठा नाही म्हणजे मातीत नत्र नाही, आणि मातीतून समुद्रात वाहून जाणारंही कमी. संशोधकांनी हे मोजलंय, माडांच्या किनाऱ्याजवळ प्लवंग, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, कमी आणि ते खायला येणारे मँटा रे मासेही कमी. वाडीत बसून हे वाचताना मला जरा अपराधीच वाटलं खरं, पण आपल्या किनाऱ्याचं गणित वेगळं, लगेच कोणी कुऱ्हाड शोधू नका.

2011 मध्ये तिथे हेलिकॉप्टरने विषाचे दाणे टाकून उंदीर संपवले. खेकडेच ते विष खाऊन टाकत होते, त्यांना या विषाने काही होत नाही, म्हणून भरपूर टाकावं लागलं. पुढे काय झालं बघा, देशी झाडांची रोपं पन्नासेक पट वाढली, आणि डेंग्यू पसरवणारा एडिस डास बेटावरून गायबच झाला, कारण त्याचं रक्ताचं दुकान उंदरांवर चालायचं. पक्ष्यांना चावणारा दुसरा डास मात्र राहिला. पण उंदीर गेल्यावर माडाचे कोंबही भसाभसा वाढले कारण तेही उंदीरच खात होते!! शेवटी 2019 पासून माड काढायलाच घेतले.

आणि खेकडा, त्याच्याबद्दल लिहिल्याशिवाय उत्तर पुरं होत नाही. नारळी खेकडा चार किलोपर्यंत भरतो, पाय पसरले तर मीटरभर. लहानपणी आपल्या संन्यासी खेकड्यासारखा शंखात राहतो, मोठा झाला की शंख सोडतो आणि मग पाण्यात बुडूनही मरू शकतो, समुद्रात जन्मलेला असून. नारळ सोलायची पद्धत तर आमच्या सोलणाऱ्या काकांनी बघावी अशी, ज्या टोकाला डोळे तिकडून एकेक दोरा करत सोडण काढतो आणि मग डोळ्यावर नांगी मारत बसतो. कधी कधी एका नारळाला दिवस लागतात.

हे सगळं आईला सांगितलं. फळता माड तोडायचा म्हटल्यावर ती गप्पच झाली, आमच्याकडे ते पाप समजतात. मग म्हणाली, "अरे पण मग तो खेकडा खाणार काय?" मी म्हटलं, तो केवड्याच्या जातीतली फळं खातो, पडलेल्या बिया, मेलेलं काहीही, दुसरे खेकडेसुद्धा सोडत नाही, आणि सगळेच माड काही तोडत नाहीयेत. तिला पटलेलं नाहीये.