गरम पाण्याच्या नळ्यांना फोम गुंडाळला तर वीज वाचते का?

मडगावचं दुमजली घर, गच्चीवर सोलर वॉटर हीटर, तळमजल्याच्या न्हाणीपर्यंत पंधरा मीटर नळी, आणि प्लंबर म्हणतो फोम गुंडाळा. त्यानं बिल उतरेल का, असं तुम्ही विचारलंय. उतरेल, पण किती ते नळ बंद केल्यावर पुन्हा किती वेळाने उघडता त्यावर आहे. माझं घर फोंड्याला, रचना जवळपास तुमच्यासारखीच. फोम आणण्याआधी मी हा हिशेब कागदावर मांडला होता, तोच देतो.

पाणी वाहत असताना नळीतून फारसं काही जात नाही; पंधरा मीटरात एखादा अंश उतरतो. नुकसान होतं ते नळ बंद केल्यावर. पाऊण इंची सीपीव्हीसी (गरम पाण्यासाठीची प्लास्टिकची) नळीच्या एका मीटरमध्ये साधारण पाव लिटर पाणी मावतं. म्हणजे तुमच्या नळीत जवळजवळ ४ लिटर गरम पाणी अडकून राहतं. एका युनिट विजेत ८६० लिटर पाणी एका अंशाने तापतं, त्या हिशेबाने ५५ अंशांचं हे पाणी २७ अंशांपर्यंत निवलं की ०.१३ युनिट गेलं. उन्हाने तापलेलं असेल तर त्याचे पैसे पडत नाहीत. पावसाळ्यात टाकीतला इलेक्ट्रिक हीटर लावावा लागतो, तेव्हा पडतात.

उघड्या नळीतलं पाणी ढोबळमानाने वीस मिनिटांत आपली निम्मी ऊब घालवतं. १३ मिलिमीटर जाडीचा फोम असेल तर तेवढ्या वेळात पाव भागच जाते. पण रात्रभर बंद राहिलेली नळी, फोम असो वा नसो, सकाळी गारच असते. त्यामुळे घरात दोघंच असतील, एक सकाळी अंघोळ करणार आणि एक संध्याकाळी, तर बचत जवळजवळ शून्य. चवथीला मात्र घर भरलेलं असतं, बाहेर पाऊस, सोलर मंद, आणि एकामागून एक अंघोळी चाललेल्या. तेव्हा फोम खरा कामाला येतो. माझ्या घरी पाहुणे असले की फरक बिलापेक्षा आधी न्हाणीत कळतो: दुसऱ्या माणसाला गरम पाण्याची वाट पाहावी लागत नाही. बादलीने अंघोळ करत असाल तर आधी येणारं गार पाणी बादलीतच कामाला येतं. शॉवर असेल तर ते मोरीत जातं, आणि उन्हाळ्यात ते बघवत नाही.

गिझर न्हाणीतच असेल आणि नळापर्यंत मीटरभर नळी असेल, तर फोमच्या भानगडीत पडू नका. अंघोळ झाली की गिझर बंद करा, त्यात जास्त वाचेल. याच्या उलट, कुणाचं होमस्टे असेल आणि गरम पाणी पंपाने सतत फिरत असेल, तर फोम लावलाच पाहिजे. तिथे नळी चोवीस तास तापलेली असते आणि उघड्या नळीच्या दर मीटरमागे १५ ते २० वॉट हवेत जातात. ३० मीटर नळी असेल तर रोजची अकरा ते चौदा युनिटं झाली.

तुमच्याकडे मी गच्चीवरच्या भागापासून सुरुवात करीन. वारा आणि पाऊस तिथेच लागतो, शिवाय टाकीतून निघणारा पहिला मीटर टाकीच्या उष्णतेने सतत कोमट राहतो. गोणपाट किंवा चिंध्या गुंडाळू नका. आपल्या पावसात त्या भिजतात आणि ओली नळी कोरड्या नळीपेक्षा लवकर निवते. काळा, रबरासारखा नायट्राइल फोम घ्या. उन्हाने तोही तडकतो, म्हणून वरून ॲल्युमिनियमची टेप हवी. फोमची चीर खालच्या बाजूला ठेवा, म्हणजे पाणी आत शिरणार नाही.

चिऱ्याच्या भिंतीत गाडलेल्या नळीसाठी भिंत फोडू नका, तेवढं वाचणार नाही. पुढे कधी न्हाणीचं काम काढलंत तर खाच बुजवण्याआधी नळीवर पातळ फोम चढवून घ्या, आणि एकाच नळासाठी नळी असेल तर पाऊण इंचीऐवजी अर्धा इंची घाला. तिच्यात अडकून राहणारं पाणी निम्म्याहून कमी असतं.