माहेरचं आडनाव लेकराला नाव म्हणून ठेवावं का?

सरनोबत हे माहेरचं आडनाव लेकाला नाव म्हणून ठेवायचं तुझ्या मनात आहे आणि घरात सगळे नाकं मुरडतायत. मला विचारशील तर ठेव गं, बिनधास्त.

आपल्याकडं हे अगदीच नवं नाही. तळबीडचे हंसाजी मोहिते, भोसऱ्याचे कुडतोजी गुजर, दोघंही स्वराज्याचे सरनोबत, म्हणजे सेनापती. 'हंबीरराव' आणि 'प्रतापराव' हे त्यांना शिवाजी महाराजांनी दिलेले किताब. आज तीच नावं साताऱ्या-सांगलीत पोरांना हौसेनं ठेवतात. काळे, शिंदे किंवा शेवटी 'कर' असलेलं आडनाव असतं, तर मात्र मी नको म्हटलं असतं. हाक मारली की ते आडनावच वाटतं. सरनोबतचं तसं नाही.

खरी डोकेदुखी कागदांची. शाळेच्या हजेरीत आडनाव आधी लिहितात. 'पाटील सरनोबत' वाचलं की कारकुनाला जोडआडनाव वाटणार आणि वडिलांचं नाव मुलाच्या जागी जाणार. पुढं जातीचा दाखला काढताना हीच चूक छळते. म्हणून जन्मदाखला, आधार, शाळेचा दाखला, प्रत्येक ठिकाणी अर्ज स्वतः भर आणि छापून आलेलं अक्षर न् अक्षर तिथंच तपास.

घाई नको. जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते, पण नाव 12 महिन्यांपर्यंत बिनशुल्क घालता येतं. तोवर दारातून मोठ्यानं हाक मारून बघा, जीभ अडखळते का ते कळेल.

आणि नणंदेला आधी विश्वासात घे. पाळण्याशी कुर्र करणार त्याच.