हँग वेगळं, रिस्टार्ट वेगळं

प्रश्न : करमाळ्यात माझा फोटो स्टुडिओ आहे, त्याच गाळ्यात झेरॉक्सही चालते. लग्नाच्या अल्बमसाठी दिवाळीनंतर नवा कॉम्प्युटर असेंबल करून घेतला. रायझन ५ ७६०० प्रोसेसर, बी६५० मदरबोर्ड, आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड, ६५० वॉटचा पॉवर सप्लाय. रॅमच्या १६-१६ जीबीच्या दोन स्टिक होत्या. फोटोशॉप अडायला नको म्हणून दुसऱ्या कंपनीच्या आणखी दोन लगेच घातल्या. चारही ६०००च्या वेगाच्या आहेत. पहिल्या आठवड्यापासून मशीन मध्येच हँग होतं. माउस जागेवर थांबतो, गाणं चालू असेल तर एकच सूर घरघरत राहतो. कधी कधी तर निळी स्क्रीनही न येता एकदम रिस्टार्ट होतं. रात्री एकटा काम करतो तेव्हा हँग जास्त, दिवसा दुकानात गर्दी असताना रिस्टार्ट जास्त. असेंबल करून देणारा दरवेळी येऊन नव्याने विंडोज मारून जातो. आता म्हणतो, मदरबोर्डच बदलावा लागेल. यूपीएस जुन्या मशीनचाच वापरतोय. काय करू? लग्नसराई तोंडावर आली आहे.
— एक फोटोग्राफर, करमाळा

उत्तर : मशीनचं बघू, पण आधी तुमच्या गिऱ्हाइकांच्या फोटोंचं बोलू. हे मशीन पूर्ण तपासून होईपर्यंत त्यावर फोटो उतरवून कॅमेऱ्याचं एकही कार्ड फॉरमॅट करू नका. कार्डं तशीच बाजूला ठेवा आणि कॉपी जुन्या मशीनवर करा. कार्डावरून डिस्कवर जाणारी प्रत्येक फाइल रॅममधून जाते. रॅम चुकत असेल तरी ‘कॉपी झाली’ असंच दिसतं, फाइलचा आकारही बरोबर तेवढाच असतो, पण आत कुठेतरी एखादा बिट उलटलेला असतो, म्हणजे शून्याचा एक किंवा एकाचा शून्य झालेला. जेपीईजी फाइलमध्ये एवढं पुरतं. मांडव, आंतरपाट, मुंडावळ्या सगळं नीट, आणि नवरीच्या डोळ्यांखालच्या एका ओळीपासून पुढे चित्र बाजूला सरकलेलं, खालचा सगळा भाग गुलाबी नाहीतर राखाडी. असे फोटो मी पाहिले आहेत. ते दुरुस्त होत नाहीत, आणि तो क्षण पुन्हा उभा करता येत नाही. मशीन आल्यापासून त्यावर उतरवलेलं सगळं एकदा मोठं करून नजरेखालून घाला. ज्यांची कार्डं अजून फॉरमॅट झालेली नाहीत, ते फोटो जुन्या मशीनवर पुन्हा उतरवून ठेवा.

आता मशीन. तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात : रात्री हँग, दिवसा रिस्टार्ट. एकाच दोषाची लक्षणं अशी घड्याळ बघून विभागली जात नाहीत. मला इथे दोन वेगळे दोष दिसतात. ते एकच धरून चालल्यामुळे काहीही केलं तरी अर्धा त्रास उरतो, आणि अर्धा उरला की केलेला उपाय फुकट गेला असं वाटतं.

हँगचं कारण मी रॅममध्ये शोधेन. रॅम खराब असेल असं नाही, ती जशी लावली आहे ते चुकतंय. रायझन ७६००साठी एएमडीने दिलेला अधिकृत वेग दोन स्टिक असतील तर ५२०० आणि चार असतील तर ३६०० आहे. पाकिटावरचा ६००० हा वेग बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारा मदरबोर्डचा सेटिंगचा भाग) एक्सपो ही रॅम जास्त वेगाने चालवायची सेटिंग चालू केल्यावर मिळतो, म्हणजे तो ओव्हरक्लॉकच, ठरलेल्यापेक्षा जास्त पळवणं. दोन स्टिक असतील तर बहुतेक मशीन तो सहज पेलतात. चार स्टिक, त्याही दोन वेगवेगळ्या जोड्यांतल्या, आणि वेग ६००० म्हणजे प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरकडून भलतीच अपेक्षा. अशा वेळी मशीन सुरू होतं, ब्राउझर चालतो, म्हणून असेंबल करणाऱ्याच्या दुकानात सगळं ठीक वाटतं. तुम्ही मात्र १२ बाय ३६ इंचाचं पान ३०० डीपीआयला उघडता. त्याचा एकेक भरलेला लेअर मेमरीत ११७ एमबीच्या आसपास जातो. दहा-पंधरा लेअर आणि त्यावर हिस्टरी धरा, म्हणजे रॅमचा कानाकोपरा वापरात येतो आणि चूक उघडी पडते.

विंडोज मारून यातलं काहीही सुधारत नाही. उलट चुकणाऱ्या रॅमवरून विंडोज टाकलं तर विंडोजच्याच फाइली चुकीच्या लिहिल्या जातात, आणि पुढे खरा दोष काढला तरी मशीन कुरकुरत राहतं. तपासणी होईपर्यंत कोणालाही विंडोज मारू देऊ नका, मदरबोर्डलाही हात लावू देऊ नका.

करायचं ते असं. मशीन बंद करा, मागचा स्विच बंद करून वायर काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा. नंतर घेतलेल्या दोन स्टिक काढून ठेवा. पहिल्या दोन स्टिक प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवा. बोर्डावर तिथे ए२ आणि बी२ लिहिलेलं असतं. दोन्ही टोकांना ‘टक’ आवाज आला पाहिजे. एकच टोक बसलेली स्टिकही कधी कधी चालते आणि महिनाभर छळते. बायोसमध्ये जाऊन एक्सपो बंद करा.

रॅम काढघाल केल्यावर पहिल्यांदा सुरू कराल तेव्हा स्क्रीन काही मिनिटं काळीच राहील. तुमच्या रॅमच्या डीडीआर५ या प्रकारात बोर्ड त्या वेळात रॅमशी जुळवून घेत असतो, याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. पंखे फिरताहेत आणि चित्र नाही म्हणून घाबरून पॉवर बंद करू नका, नाहीतर ते पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. पंधरा मिनिटं थांबायची तयारी ठेवा.

मग मेमटेस्ट८६+ हे रॅम तपासणारं, फुकट मिळणारं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर टाकून मशीन त्यावरून सुरू करा आणि रात्रभर चालू द्या. सकाळी एकही लाल ओळ नको. ‘एकच एरर आहे, चालतंय’ असं कोणी म्हटलं तर ऐकू नका. एकसुद्धा एरर असेल तर त्या मशीनवर गिऱ्हाइकाचं काम करायचं नाही. पहिली जोडी पास झाली की ती काढून दुसरी जोडी तशीच तपासा. एक्सपो बंद असतानाही एखाद्या जोडीत एरर आली तर त्यातली एकेक स्टिक वेगळी लावून बघा. जी चुकते तिचा नंबर आणि स्क्रीन एका फोटोत येईल असा फोटो काढा. रॅमची वॉरंटी लांब मुदतीची असते आणि असा फोटो दाखवला की दुकानदार वाद घालत नाही. दोन्ही जोड्या पास झाल्या, तर स्टिक चांगल्या आहेत आणि दोष चौघी एकत्र ६०००वर चालवण्यात होता, हे जवळजवळ नक्की झालं.

पुढे माझं मत स्पष्ट आहे : एकच जोडी ठेवा, एक्सपो चालू करा आणि पुन्हा एक रात्र टेस्ट लावा. अल्बमच्या कामाला ३२ जीबी पुरतात. खरंच ६४ लागत असतील तर चारही स्टिक ३६००वर चालवा, नाहीतर ३२-३२ची एकाच पाकिटातली जोडी घ्या. हे ठरल्यावर मग एकदा, एकदाच, विंडोज नव्याने टाका.

आता दिवसाचे रिस्टार्ट. झेरॉक्स मशीनमध्ये टोनर कागदावर वितळवणारा फ्यूजर असतो. तो तापताना एका झटक्यात बराच करंट ओढतो. झेरॉक्स आणि कॉम्प्युटर एकाच स्विचबोर्डावर असतील, तर गिऱ्हाइकाने आधार कार्ड पुढे केलं की व्होल्टेज दचकतं. यूपीएस ते ओळखून क्षणभर बॅटरीवर जातो, आणि जुन्या मशीनबरोबर आलेल्या यूपीएसच्या बॅटरीत जीव उरलेला नसेल तर मशीन तिथेच पडतं. याची परीक्षा सोपी आहे. मशीन बायोसच्या स्क्रीनवर आणून ठेवा, म्हणजे कुठलीही फाइल बिघडणार नाही. मग यूपीएसचा प्लग भिंतीतून काढा. मशीन रिस्टार्ट झालं किंवा बंद पडलं तर दोषी यूपीएस. बॅटरी बदला. यूपीएस ६०० व्हीएचा असेल तर तो साधारण ३६० वॉटच देतो हेही लक्षात असू द्या. तुमचं मशीन आणि मॉनिटर त्यात बसतील, पण त्यावर आणखी काही जोडू नका. झेरॉक्सला वायरमनकडून वेगळी लाइन ओढून घ्या. तो आलाच आहे तर अर्थिंगही मीटर लावून बघायला सांगा. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर हे काम आजच करा.

यूपीएस पास झाला आणि तरी रिस्टार्ट होत असेल, तर विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे त्याची नोंदवही, उघडा. तिथे ‘कर्नल-पॉवर ४१’ हा एरर दिसेल. तो दिसला म्हणजे पॉवर सप्लाय गेला असं बरेच जण सांगतात. ते खरं नाही. मशीन नीट बंद न होता बंद झालं, एवढंच तो सांगतो. त्याच्या डिटेल्समध्ये ‘बगचेक कोड’ शून्य असेल तर विंडोजला काही नोंदवायला वेळच मिळाला नाही, म्हणजे पॉवरकडे बघायचं. तिथे २९२ असेल तर हार्डवेअरने स्वतःच चूक कळवली आहे. मग बायोस अपडेट करा आणि प्रोसेसरचं तापमान बघा. ७६००ची मर्यादा ९५ अंशांची आहे. आणखी एक गोष्ट पैसे न घालवता तपासता येते. कॅबिनेटच्या रिसेट बटणाची दोन पिनांची बारीक वायर बोर्डावरून काढून ठेवा. अडकलेलं बटण मशीन मनाला येईल तेव्हा रिस्टार्ट करतं, आणि त्याचा संशय कोणाला येत नाही.

एका वेळी एकच बदल करा, तो तारखेसकट वहीत लिहा, आणि मगच पुढचा. असेंबल करणाऱ्याशी भांडू नका. ती वही त्याच्यासमोर ठेवा.

प्रश्न : नाशिकमध्ये शिकतो. ओळखीच्या एकाकडून इंटेलचा आय७ १३७००के प्रोसेसर आणि मदरबोर्ड सेकंड हँड, चांगल्या किमतीत मिळतोय. या पिढीचे प्रोसेसर मशीन क्रॅश करतात असं ऐकलं. घेऊ का?
— एक विद्यार्थी, नाशिक

उत्तर : बिल असेल तर विचार करा, नसेल तर नको. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये हा दोष होता आणि कंपनीने २०२४मध्ये तो मान्य केला. प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागायचा, आणि त्याने आतली सर्किट हळूहळू झिजायची. ऑगस्ट २०२४मध्ये त्यावर ०एक्स१२९ हा मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती, आला, सप्टेंबरमध्ये ०एक्स१२बी. मदरबोर्डच्या बायोस अपडेटमधून तो मिळतो. पण त्याने पुढची झीज थांबते, झालेली भरून येत नाही. म्हणून विकणाऱ्याने बायोस कधी अपडेट केला, हे विचारायलाच हवं.

बघायला जाल तेव्हा एखादा मोठा गेम इन्स्टॉल करून दाखवायला सांगा. झिजलेला प्रोसेसर दाबून लहान केलेल्या फाइली उलगडताना चुकतो, किंवा ग्राफिक्स कार्डात भरपूर मेमरी असूनही ‘आउट ऑफ व्हिडिओ मेमरी’ असा मेसेज येतो. अशा प्रोसेसरची वॉरंटी इंटेलने दोन वर्षांनी वाढवली आहे, म्हणजे खोक्यातून विकलेल्याला खरेदीपासून एकूण पाच वर्षं. बिल आणि खोक्यावरचा नंबर हातात असेल तर ती तुमच्या उपयोगी पडू शकते.

बिल नसेल, तर मदरबोर्ड तेवढा घ्या आणि त्याच सॉकेटचा, म्हणजे त्याच खाचेत बसणारा, १२व्या पिढीचा प्रोसेसर शोधा. त्या पिढीत हा दोष नाही.